जागतिक बॉक्सिंग चॅम्पियनशिप: नाशिकच्या पोरांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली आणि तेव्हापासून आमच्या नाशिकरोडच्या संध्याकाळच्या बॅचच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतायत, कुणी रात्री साडेअकराला टाइप करतं, कुणी अंबडला फर्स्ट शिफ्टला जाता जाता व्हॉइस नोट टाकतं. मी आधी स्वतः खेळलो, मग जिल्हा आणि राज्य पातळीवर जजिंग केलं, आता पोरांना शिकवतो. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून टाकलं. एक आधीच सांगतो, मराठीत पंच म्हणजे अंपायरही होतो आणि पंच म्हणजे ठोसाही होतो, त्यामुळे इथे मी रेफरी, जज आणि ठोसा असेच शब्द वापरलेत.

१. सर, अमॅच्युअर बॉक्सिंग म्हणजे नवशिक्यांचं का? मग त्यात वर्ल्ड चॅम्पियन कसा?

नाही हो, नवशिक्यांचं अजिबात नाही. ऑलिंपिकमध्ये दिसतं ते हेच बॉक्सिंग. पूर्वी पैशांसाठी खेळणारे ते प्रोफेशनल आणि बाकीचे अमॅच्युअर अशी सरळ विभागणी होती, म्हणून ते नाव पडलं. आता मोठ्या गटाला एलिट म्हणतात. प्रोफेशनलमध्ये प्रमोटर ठरवतो कोण कुणाशी लढणार आणि वर्षातून दोन-तीन फाइट होतात. इथे ड्रॉ निघतो, म्हणजे सोडतीने जोड्या लागतात, देशाच्या जर्सीत उतरायचं आणि दहा-बारा दिवसांत चार-पाच बाउट म्हणजे लढती जिंकल्या तर गोल्ड. म्हणजे आज खेळलात, परवा परत खेळायचंय, ओठ सुजलेला असला तरी. मला विचाराल तर शरीराची जास्त परीक्षा इथेच होते.

२. ही स्पर्धा कधीपासून चालू आहे? भारतात झालीये का कधी?

पुरुषांची पहिली १९७४ ला क्युबात हवानाला झाली. महिलांना त्यानंतर २७ वर्षं थांबावं लागलं, त्यांची पहिली २००१ ला अमेरिकेत स्क्रँटनला, आणि त्याच पहिल्या स्पर्धेत मेरी कोमने सिल्व्हर घेतलं होतं. पुढे तिने २००२, २००५, २००६, २००८, २०१० आणि २०१८ अशी सहा गोल्ड घेतली, शिवाय २०१९ ला ब्राँझ. महिलांची स्पर्धा दिल्लीत तीनदा झाली, २००६, २०१८ आणि २०२३. पुरुषांमध्ये आपलं पहिलं मेडल विजेंदर सिंगचं, २००९ ला मिलानमध्ये ब्राँझ. आणि फायनलला पोचलेला पहिला भारतीय पुरुष अमित पंघाल, २०१९, ५२ किलो, सिल्व्हर.

३. आधी आयबा होती, मग आयबीए, आता वर्ल्ड बॉक्सिंग म्हणतात. खरी वर्ल्ड चॅम्पियनशिप कुठली?

हा गोंधळ सगळ्यांचा होतो त्यामुळे विचारायला लाजू नका. १९४६ ला स्थापन झालेली जुनी संघटना म्हणजे आयबा, तिनेच पुढे आयबीए नाव घेतलं. कारभार, पैशांचा हिशेब आणि जजिंगच्या तक्रारी यावरून ऑलिंपिक समितीशी तिचं वाजलं, आणि जून २०२३ ला समितीने तिची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी काही देशांनी मिळून वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना काढली, तिला फेब्रुवारी २०२५ मध्ये समितीची तात्पुरती मान्यता मिळाली आणि पाठोपाठ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग राहणार हे पक्कं झालं. आपली बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया वर्ल्ड बॉक्सिंगमध्ये आहे.

आयबीए पण आपली वेगळी वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतच असते, म्हणून एकाच वर्षात दोन-दोन "विश्वविजेते" दिसतात. मुलाला ऑलिंपिकचं स्वप्न असेल तर वर्ल्ड बॉक्सिंगचा रस्ता, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

४. किती राउंड, किती मिनिटं?

एलिट पुरुष आणि महिला दोघांनाही ३ राउंड, प्रत्येकी ३ मिनिटं, मध्ये १ मिनिट विश्रांती. महिलांना आधी २ मिनिटांचे ४ राउंड असायचे. ज्युनियर पोरांना राउंड २ मिनिटांचा. रिंग दोरांच्या आत ६.१० मीटर बाय ६.१० मीटर, चार दोर. एक कॉर्नर लाल, एक निळा.

५. वजनगट किती आहेत? ऑलिंपिकला पण तेवढेच असतात का?

वर्ल्ड बॉक्सिंगमध्ये दोघांचे दहा-दहा. पुरुष ५०, ५५, ६०, ६५, ७०, ७५, ८०, ८५, ९० आणि ९० च्या वर. महिला ४८, ५१, ५४, ५७, ६०, ६५, ७०, ७५, ८० आणि ८० च्या वर.

ऑलिंपिकला एवढे नसतात, आणि गोची तिथेच होते. पॅरिसला पुरुषांचे ७ आणि महिलांचे ६ गट होते. मेरी कोमने वर्ल्डची गोल्ड ४५, ४६, ४८ किलोत घेतली, पण २०१२ ला लंडनमध्ये महिला बॉक्सिंग पहिल्यांदा आलं तेव्हा सगळ्यात हलका गटच ५१ चा होता. तिला आपल्यापेक्षा अंगाने मोठ्या मुलींशी लढावं लागलं आणि तरी तिने ब्राँझ आणलं. लिव्हरपूलला मीनाक्षी हुडाने ४८ किलोत गोल्ड घेतलं, तो गटसुद्धा ऑलिंपिकला नाही. त्यामुळे पेपरात "विश्वविजेती" वाचलं की गट कोणता ते पण बघत जा, पुढचं गणित त्यावर असतं.

६. मार्क नेमके कसे देतात? आम्हाला बघताना काहीच कळत नाही.

रिंगभोवती पाच जज बसतात, आपापल्या जागी, एकमेकांशी बोलायचं नाही. प्रत्येक राउंड संपला की जो राउंड जिंकला त्याला १०, दुसऱ्याला ९. एकतर्फी असेल तर ८, अगदीच धुलाई झाली असेल तर ७. दोघांना १०-१० देता येत नाही, राउंड कुणाला तरी द्यावाच लागतो. तीन राउंडची बेरीज ज्याची जास्त, तो त्या जजचा विजेता, आणि पाचपैकी जास्त जज ज्याच्या बाजूने, त्याचा हात वर.

जज काय बघतो तर आधी स्वच्छ ठोसे. मूठ नीट बंद, ग्लोव्हचा पुढचा गाठीचा भाग, चेहऱ्याच्या समोर नाहीतर बाजूला, किंवा कमरेच्या वर पोटाला-छातीला लागलेला. हातावर, खांद्यावर, गार्डवर (म्हणजे तोंडासमोर धरलेल्या हातांवर) लागलेला ठोसा कितीही आवाज झाला तरी धरत नाहीत, आणि डोक्याच्या मागे मारला तर फाउल. मग बघायचं की बाउट कोण चालवतंय, अंतर कोण ठरवतंय, समोरच्याला कोण फसवतंय. आणि शेवटी लढायची तयारी, म्हणजे जिंकायला कोण आलंय आणि टाळाटाळ कोण करतंय.

ही पद्धत २०१३ पासूनची. त्याआधी बटणं होती, पाचपैकी तीन जजनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तर एक पॉइंट. ती बटणं आली १९८८ च्या सोल ऑलिंपिकमुळे. तिथे अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने फायनलमध्ये कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे मारले, त्याला ३२ बसले, आणि निकाल ३-२ ने पार्कच्या बाजूने! सगळं जग चिडलं, मग मशीन आणलं. पण मशीनमुळे पोरं लांबून फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टेकवून पॉइंट गोळा करायला लागली, पोटातले ठोसे जणू बंदच झाले, म्हणून परत माणसाच्या डोळ्यावर आले. मी दोन्हीत जजिंग केलंय, मला ही १०-९ ची पद्धत बरी वाटते, फक्त जज प्रामाणिक आणि शिकलेला पाहिजे.

७. माझा मुलगा पूर्ण तीन मिनिटं हात चालवत होता, समोरचा नुसता मागे मागे जात होता, तरी माझा मुलगा हरला. असं कसं?

ही तक्रार दर स्पर्धेला ऐकतो, आणि आईबापाचा जीव किती खालीवर होतो ते मला माहितीये. पण व्हिडिओ परत लावा आणि आवाज बंद करून बघा. आवाज असला की गर्दी ओरडते तिकडे आपलं मन जातं. मग एकच राउंड घ्या आणि फक्त समोरच्या पोराच्या डोक्याकडे बघा, आपल्या मुलाकडे नाही. त्याचं डोकं किती वेळा मागे गेलं? बऱ्याचदा दिसतं की तुमच्या मुलाचे पंधरा ठोसे गार्डवर गेलेत, आणि तो मागे सरकणारा मुलगा दर वेळी एक पाय मागे घेऊन एकच सरळ उजवा टाकतोय आणि तो बसतोय. राउंड त्याचा.

लिव्हरपूलची जस्मिन लंबोरियाची ५७ किलोची फायनल मी बॅचला मुद्दाम दाखवली. समोर पोलंडची युलिया शेरेमेता, पॅरिसची सिल्व्हर मेडलिस्ट. ती खाली वाकून, डोलत डोलत अंगावर येणारी. जस्मिनने उंचीचा आणि लांब हाताचा फायदा घेत तिला लांब ठेवलं आणि ४-१ ने बाउट काढली. हीच जस्मिन वर्षभरापूर्वी पॅरिसला पहिल्याच बाउटला हरून परत आली होती. आमच्या बॅचमधल्या पोरी तो भाग परत परत लावायला सांगतात.

८. ५-०, ४-१, आरएससी, वॉकओव्हर… हे सगळं काय असतं?

५-० म्हणजे पाचही जज एका बाजूला. ४-१ नाहीतर ३-२ म्हणजे स्प्लिट. आरएससी म्हणजे रेफरीने बाउट थांबवली, मार बघवत नाही किंवा पोरगं सावरत नाहीये म्हणून. जखमेमुळे थांबवली की आरएससी-आय. केओ म्हणजे दहाच्या काउंटपर्यंत उठता आलं नाही. कॉर्नरमधल्या कोचने टॉवेल टाकला तरी बाउट संपते, आणि तो टॉवेल टाकायला कोचची छाती लागते, त्यात कमीपणा काही नाही. रेफरीने तीन वॉर्निंग दिल्या की डिसक्वालिफाय, आणि प्रत्येक वॉर्निंगला एक मार्क पण जातो. समोरचा आलाच नाही किंवा वजनात नापास झाला तर वॉकओव्हर.

काउंटचं पण लोक विचारतात. जोरदार ठोसा बसला की रेफरी आठपर्यंत मोजतोच, पोरगं तिसऱ्या आकड्याला उभं राहिलं तरी आठ पूर्ण करणार. तेवढ्यात तो त्याचे डोळे बघत असतो.

९. पुरुष हेडगार्ड घालत नाहीत आणि मुली घालतात, हे उलटं नाही का?

वाटतं खरं तसं. एलिट पुरुषांचं हेडगार्ड २०१३ ला काढलं, कारण असं सांगितलं गेलं की हेडगार्डने मेंदूचा हादरा काही थांबत नाही, उलट बाजूचं दिसत नाही आणि पोरं निर्धास्त होऊन डोकं पुढे करतात. महिलांचं तसंच ठेवलं. लहान पोरांना तर कंपल्सरी आहेच, आणि आमच्याकडे स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, कितीही मोठा बॉक्सर असो, हेडगार्डशिवाय आत सोडत नाही. हेडगार्ड काढल्यापासून भुवईवरचे कट वाढले हे मात्र खरंय, आणि कट झाला की निकालाचं काय होतं ते प्रश्न १७ मध्ये लिहिलंय.

१०. डोक्याला मार बसून मेंदूवर परिणाम होतो ना? मग मुलाला का घालू?

होऊ शकतो, आणि नाही म्हणणारा कोच असेल तर त्याच्याकडे घालू नका. म्हणूनच इथे डॉक्टरशिवाय बाउट होत नाही, स्पर्धेच्या दिवशी सकाळी मेडिकल होतं आणि रिंगसाइडला डॉक्टर बसलेला असतो. डोक्याला मार बसून केओ झाला तर किमान ३० दिवस बाउट पण नाही आणि स्पारिंग पण नाही. तीन महिन्यांत दोनदा झालं तर विश्रांती ९० दिवसांची. हे नियम मोठ्या स्पर्धेत पाळले जातात, पण गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यात कोण विचारतंय? तिथे आपणच नाही म्हणायचं.

घरी आल्यावर मुलगा डोकं दुखतंय म्हणाला, उलटी झाली, उजेड सहन होत नाही म्हणाला, सारखं तेच तेच विचारायला लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना.

११. वजन कसं कमी करायचं? दोन दिवसांत दोन किलो कमी होईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा लांब लिहितो.

चॅम्पियनशिपमध्ये वजन एकदाच होतं असं नाही. स्पर्धेच्या सुरुवातीला सगळ्यांचं, आणि मग ज्या दिवशी बाउट त्या दिवशी सकाळी परत. म्हणजे कुस्तीत विनेश फोगाटचं पॅरिसला जे झालं, ५० किलोत १०० ग्रॅम जास्त भरलं आणि फायनल गेली, तशी वेळ बॉक्सिंगमध्येही येऊ शकते. वजन आणि पहिली बाउट यात किमान तीन तास असतात. सुकवून, उपाशी ठेवून आणलेलं शरीर तीन तासांत भरून येत नाही, केळी खाऊन आणि इलेक्ट्रॉल पिऊनसुद्धा नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सिन्नरचा एक मुलगा होता, हाताला फार वेगवान. राज्य स्पर्धेला ५२ किलोत नाव दिलेलं आणि दोन दिवस आधी वजन ५४.८. मीच त्याला प्लॅस्टिकचा सूट घालून गोल्फ क्लब मैदानावर पळवलं, एप्रिलच्या दुपारी, रात्री जेवण बंद, पाणी फक्त खळखळून थुंकायला. शेवटच्या रात्री च्युइंगम चघळत प्लॅस्टिकच्या कपात थुंकत बसला होता, कप अर्धा भरला होता. सकाळी काट्यावर ५२.१, मग कपडे काढून, टॉवेल धरून उभा केला तर ५१.९. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुपारी बाउट. पहिला राउंड जमला. दुसऱ्यात गार्ड वर होता पण पाय जागचे हलेनात, ओठ पांढरे, जीभ टाळूला चिकटलेली, आणि एरवी त्याने झोपेत चुकवला असता असा साधा वन-टू (दोन हातांचे लागोपाठ ठोसे) सरळ तोंडावर बसला. काउंट झाला, परत बसला, रेफरीने थांबवली. बाहेर त्याच्या आईने डबा आणला होता, थालीपीठ आणि लोणी. त्याला घासही चावता येईना. ती माऊली मला फक्त एवढंच म्हणाली, "सर, दोन दिवस त्याला जेवू का दिलं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

त्यानंतर बॅचमध्ये नियम केला, १७ वर्षांखालच्या पोराचं वजन उतरवायचं नाही. वाढीचं वय आहे, वजन वाढणारच, वरच्या गटात खेळवायचा. मोठ्यांनी करायचं असेल तर महिना-दीड महिना आधीपासून, आठवड्याला अर्धा किलो, तळलेलं आणि गोड बंद, भाकरी-डाळ-अंडी चालू, पाणी कधीच बंद नाही. त्यामुळे वरच्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन दिवसांत दोन किलो कमी होतील, पण ते सगळं पाणीच जाईल, आणि मेंदूभोवतीचं पाणी कमी असताना डोक्यावर ठोसा खाणं म्हणजे काय ते प्रश्न १० शी जोडून वाचा.

१२. हाताला पट्ट्या कशाला बांधतात? ग्लोव्हज असतातच की.

ग्लोव्हज समोरच्यासाठी, पट्टी आपल्यासाठी. मुठीत बारीक बारीक हाडं आहेत, ती एकत्र धरून ठेवायचं काम पट्टीचं. अंगठ्यात अडकवायची, मनगटाला तीन वेढे, मग गाठींवरून तीन, मग एकेका बोटाच्या मधून काढून परत मनगटाला. बांधताना बोटं पसरलेली ठेवायची, नाहीतर मूठ वळल्यावर हात बधिर होतो. लांबी अडीच ते साडेचार मीटर. ग्लोव्हज महिलांना १० औंस, पुरुषांना हलक्या गटात १० आणि जड गटात १२. गमशिल्ड (दातांवरचं कव्हर) स्वतःचं, गरम पाण्यात टाकून दाताला बसवून घेतलेलं, भावाचं किंवा मित्राचं चालत नाही.

१३. वयाची अट काय?

ज्युनियर १५-१६, यूथ १७-१८, एलिट १९ ते ४०. जन्माचं साल धरतात, महिना नाही. वरच्या टोकाला पण सूट नाही, मेरी कोमलासुद्धा चाळिशीची अट आडवी आलीच. आणि खोटा दाखला करू नका. चौदा वर्षांच्या पोरासमोर सतरा वर्षांचं पोरगं उभं करणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराचं डोकं फोडणं आहे, मला यात दुसरा शब्द सुचत नाही.

१४. नाशिकमधून वर्ल्ड चॅम्पियनशिपला जायचं तर रस्ता काय?

शालेय स्पर्धांचा एक रस्ता, तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून, शाळेमार्फत नाव जातं. दुसरा संघटनेचा, जिल्हा, मग राज्य, मग नॅशनल. नॅशनलला मेडल आलं की इंडिया कॅम्पचं दार उघडतं, कॅम्प बऱ्याचदा पतियाळाला एनआयएस म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेमध्ये. कॅम्पमध्ये टिकलात, तिथल्या ट्रायलमध्ये आपल्या वजनात पुढे राहिलात, तर आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आधी बल्गेरियाची स्ट्रँजासारखी, वर्ल्ड कप, एशियन, आणि मग वर्ल्ड. प्रत्येक देशाचा एका वजनात एकच बॉक्सर जातो, त्यामुळे खरी मारामारी देशातच असते, हरियाणाच्या पोरांशी.

लहान मुलासाठी पुण्याचं आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आणि सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या बघा, ८ ते १४ वयात घेतात. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंगसाठी अकोला नावाजलेलं आहे. नाशिकमध्ये राहून पण होतं, फक्त स्पारिंगला वेगवेगळे जोडीदार कमी पडतात, म्हणून मी पोरांना अधूनमधून पुण्याला घेऊन जातो, पहाटेची एसटी, रात्री परत.

१५. महाराष्ट्रातून कुणी पोचलंय का तिथपर्यंत, की सगळे हरियाणा-मणिपूरचेच?

पोचलेत की! पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ ला स्पेनमध्ये ला नुसियाला यूथ वर्ल्डचं गोल्ड घेतलं, ५२ किलोत. त्याच्या आदल्या वर्षी नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडला किएल्सेमध्ये ८१ किलोच्या वरच्या गटात यूथ वर्ल्ड गोल्ड घेतलं. बुलढाण्याच्या अनंता चोपडेने २०१९ ला इंडोनेशियात प्रेसिडेंट्स कप जिंकला, तो अकोल्याच्या प्रबोधिनीतला. शेतकऱ्यांच्या, नोकरदारांच्याच घरातली पोरं ही, आपल्यासारखी. आणि नाशिकने धावपटू कविता राऊत दिलीये, रोइंगचा दत्तू भोकनळ दिलाय, म्हणजे पाणी आहे इथल्या मातीत, बॉक्सिंगचा नंबर लागायचाय अजून.

१६. मुलींची कसली तरी जेनेटिक टेस्ट सुरू झालीये म्हणे?

हो, वर्ल्ड बॉक्सिंगने २०२५ पासून १८ वर्षांवरच्या खेळाडूंना एकदा करावी लागणारी टेस्ट सक्तीची केली, लिव्हरपूलच्या आधी. नमुना देऊन वाय क्रोमोझोमचं एक जनुक आहे का ते बघतात. रिपोर्ट वेळेत आले नाहीत म्हणून फ्रान्सच्या मुलींना लिव्हरपूलला खेळताच आलं नाही, बिचाऱ्या तिथे जाऊन परत आल्या. तुमची मुलगी जिल्ह्यात, राज्यात खेळतेय तर आत्ता हा विचार डोक्यात आणू नका. आणि तिच्यासमोर, बॅचमध्ये, कुणाच्याही शरीराबद्दल कुजबुज तर अजिबात नको.

१७. डोक्याला डोकं लागून कट झाला आणि बाउट थांबली, तर जिंकलं कोण?

कट कशाने झाला त्यावर आहे. समोरच्याच्या नियमातल्या ठोशाने भुवई फुटली आणि डॉक्टर म्हणाला पुढे नाही, तर समोरचा जिंकला, आरएससी-आय. चुकून डोकं डोक्याला लागलं, मुद्दाम नाही, तर त्या क्षणापर्यंतचे मार्क मोजतात, अर्धवट राहिलेला राउंडसुद्धा धरून, आणि जो पुढे तो जिंकला. म्हणजे ज्याचं रक्त वाहतंय तोही जिंकू शकतो. मुद्दाम डोकं मारलं असं रेफरीला वाटलं तर मारणारा बाहेर. म्हणून मी पोरांना सांगतो, पहिल्या राउंडला "नंतर भरून काढू" असं म्हणत बसू नका, नंतरचा राउंड येईलच असं नाही.

१८. निकाल चुकीचा वाटला तर तक्रार करता येते का?

पालकांना नाही, प्रेक्षकांना नाही. टीम मॅनेजर किंवा कोचने ठरलेल्या थोड्या वेळात, ठरलेल्या पद्धतीने करायची असते, आणि मार्कांचं मत बदलून घेणं फार अवघड. २०१४ च्या इंचॉन एशियन गेम्सला सरिता देवी कोरियाच्या बॉक्सरविरुद्ध सेमीफायनल हरली, बघणाऱ्या कित्येकांना ती जिंकलेली वाटत होती. बक्षीस समारंभात तिने रडत रडत ब्राँझ गळ्यात घ्यायला नकार दिला आणि ते त्या कोरियन मुलीच्याच गळ्यात घातलं. पुढे तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. तिचं दुःख खरं होतं, माझ्याही डोळ्यात पाणी आलं होतं, पण त्या एका वर्षाची किंमत खेळाडूलाच मोजावी लागली, जजला नाही. आमच्या स्पर्धांत एक काका थेट जजच्या टेबलावर धावून गेले होते, त्यांच्या पोरालाच पुढच्या बाउटला मान वर करता येईना.

१९. एकदा प्रोफेशनल झालं की परत येता येतं का?

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकला प्रोफेशनलना पहिल्यांदा दार उघडलं, पण फार थोडे आले आणि त्यांचं फारसं काही चाललं नाही, कारण तीन राउंडचा वेग वेगळाच असतो. आपल्याकडून प्रोफेशनलकडे विजेंदर २०१५ ला गेला, निशांत देव २०२५ ला. निशांतचं २०२३ च्या ताश्कंद वर्ल्डचं ब्राँझ आहे.

२०. जिंकल्यावर पैसे मिळतात का?

स्पर्धेवर आहे. २०२३ ला दिल्लीत निखत झरीन, लवलिना, नीतू आणि स्वीटी या चौघींनी गोल्ड घेतलं तेव्हा गोल्डला एक लाख डॉलर बक्षीस होतं. सगळीकडे एवढं नसतं. आपल्या घरांसाठी जास्त महत्त्वाचं म्हणजे नोकरी. रेल्वे, सैन्य, पोलीस, स्पोर्ट्स कोटा. नॅशनलच्या मेडलवर नोकरी लागलेली पोरं मी बघितलीत. दहावी-बारावी मात्र सोडू नका, कोट्याला पण मार्कशीट लागते.

२१. सेमीफायनल हरलेल्या दोघींना ब्राँझ का? आणि एकही बाउट न जिंकता मेडल मिळालं असं ऐकलं, ते खरं का?

दोन्ही खरं. सेमीत हरलेल्याला दुसऱ्या दिवशी परत मार खायला लावायचा नाही म्हणून ब्राँझची वेगळी बाउट नसते, दोघांना ब्राँझ.

आता ड्रॉचं गणित. एका गटात ३२ नावं असतील तर मेडलला तीन बाउट जिंकाव्या लागतात. पण जड गटात नावंच कमी येतात. लिव्हरपूलला नुपूर श्योराण ८० च्या वरच्या गटात होती, पहिली फेरी बाय, म्हणजे न खेळताच पुढे, एक बाउट जिंकली की मेडल पक्कं, शेवटी तिने फायनल गाठून सिल्व्हर घेतलं. ती कॅप्टन हवा सिंग यांची नात, ज्यांनी १९६६ आणि १९७० ला एशियन गेम्सची गोल्ड घेतली. आणखी टोकाचं उदाहरण २०२१ च्या दुबईच्या एशियन चॅम्पियनशिपचं. ७५ किलोत पूजा राणीला आधी बाय मिळाला, सेमीला वॉकओव्हर, म्हणजे ती रिंगमध्ये उतरली ती थेट फायनललाच, आणि उझबेकिस्तानच्या मुलीला हरवून गोल्ड घेऊन आली. कुणी म्हणेल नशीब. पण बाय मिळालेल्या बॉक्सरलाही तितकाच सराव करायचा असतो, आणि त्यातून समोरची दोन बाउट खेळून गरम झालेली असते आणि आपण थंड उतरतो, पहिला ठोसा खाईपर्यंत अंतरच समजत नाही. गेल्या जिल्हा स्पर्धेत आमच्या बॅचच्या एका मुलीला असाच सरळ फायनलचा बाय मिळाला होता, तर तिला मी आदल्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये हेडगार्ड घालून पूर्ण तीन राउंड खेळवलं, कॉर्नरमध्ये स्टूल ठेवून, मध्ये एक मिनिट मोजून.